नरहरीच्या कानाचं जेवण

आमच्या बाबांना जॅझ हा शब्द चालत नसे. ते त्याला 'इन्स्टिट्यूटचं' म्हणत. लग्नात वाजतो तो बाजा, जयंतीला वाजतात ती भीमगीतं, आणि रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी साहेब लोकांच्या नाचासाठी वाजायचं ते इन्स्टिट्यूटचं. त्यांच्या डोक्यात असे तीन कप्पे होते आणि एकातलं दुसऱ्यात सांडलेलं त्यांना खपत नसे. एकदा कोणीतरी त्यांना वरातीत सॅक्सोफोनवर इन्स्टिट्यूटचं वाजवा म्हणालं, तर ते वरात सोडून सरळ घरी निघून आले होते. नवरदेव घोड्यावर ताटकळतोय आणि बाबा घरात वरणभात खात बसलेत.

तर त्या बाबांनी म्हातारपणी इन्स्टिट्यूटच्या संगीताची सीडी काढायचं ठरवलं. रायपूर राजधानी होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. सगळं शहर खणून ठेवलेलं, रोज एक नवा रस्ता नाहीतर एक नवा साहेब. मी मंत्रालयात कारकून होते. दिवसभर साहेबांच्या बदल्यांच्या फायली हाकून, धुळीनं माखून घरी यावं, तर बैठकीत पाय ठेवायला जागा नाही. खाटेवर रेकॉर्ड, खुर्चीवर रेकॉर्ड, आईच्या शिवणयंत्रावर रेकॉर्ड. मधोमध बाबा, मलमलचं फडकं घेऊन एकेक पुसत बसलेले.

या रेकॉर्ड मॉरिस साहेबांच्या. मॉरिस साहेब अँग्लो-इंडियन, इंजिन ड्रायव्हर होते आणि इन्स्टिट्यूटच्या बँडचे मास्टरही. बाबा, म्हणजे तुळशीराम रामटेके, तेव्हा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात नुकतेच लागले होते. मॉरिस साहेबांनी त्यांना सॅक्सोफोन शिकवला आणि बुकिंग क्लार्क नरहरीकाकांना ट्रम्पेट. पुढे साहेब सगळं आवरून ऑस्ट्रेलियाला गेले आणि रेकॉर्डचा पेटारा या दोघांना देऊन गेले. पेटारा आमच्याकडे राहिला, कारण नरहरीकाकांच्या घरी असलं काही चालणारं नव्हतं. त्यांच्या घरी बाबाही पुरते चालत नव्हते. त्यांचा कप वेगळा ठेवलेला असायचा, खिडकीत. आणि त्याच घरचा मुलगा, हा नरहरी, शनिवारी इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत बाबांचा सॅक्सोफोन ओढून घ्यायचा, त्याला तसंच तोंड लावायचा आणि म्हणायचा, "तुळश्या, तुह्या फुंकीत दम नाही, पाहा." बाबा हे सांगताना दरवेळी हसत. मला मात्र दरवेळी त्या कपाचा राग यायचा.

त्या हिवाळ्यात नरहरीकाकांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काकू आधीच वारल्या होत्या. समता कॉलनीत त्यांची मुलगी क्षमा राहते, तिनं त्यांना आपल्याकडे आणलं. बाबा भेटून आले त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटारा खाली काढला.

"नरहरीची जीभ गेली, हात गेला," बाबा म्हणाले, म्हणजे नेहमीसारखे ओरडले. "कान शाबूत आहे त्याचा. डाक्टर म्हणते, सारं समजते त्याले. मंग त्या कानाले काही जेवण नको? क्षमा त्याले टीव्ही लावून देते. दिवसभर सासू-सुनांचं रडणं. त्यानंच मरन तो."

"तुम्ही आधी तुमचं जेवा," आई ओरडली.

"एकदा त्याच्या बाजूले बसून ऐकाचं आहे, अंजना. दोघानं. बस."

एवढंच त्यांना हवं होतं. मी जन्मात बाबांना स्वतःसाठी काही मागताना पाहिलं नव्हतं. म्हणून मीच तात्यापारा मोहल्ल्यातल्या गौतमशी बोलून आले. गौतम आमच्याच विहारातला पोरगा. त्याचं दुकान लग्नाच्या कॅसेटी सीडीवर करून देण्याचं. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देतो. "दीदी, रिकॉर्ड से भी हो जाएगा. काकाजी को भेज दो," म्हणाला.

पण काकाजी एवढ्यात जाणारे नव्हते. आधी निवड. सीडीवर किती मावतं याच्याशी बाबांना देणंघेणं नव्हतं. मॉरिस साहेबांच्या बँडमध्ये जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी बारा तुकडे वाजायचे, म्हणून बाराच. या तुकड्यांची खरी नावं रेकॉर्डवर इंग्रजीत छापलेली होती, पण बाबा आणि नरहरीकाकांनी आपली नावं ठेवली होती. एक 'शंटिंगवालं', एक 'पंख्याखालचं', एक 'सकाळच्या पॅसेंजरचं'. एकाचं नाव 'मेमसाहेब रुसली'. आमच्या घरात ही नावं एवढी रुळलेली होती की खरी नावं कधी कोणी वाचलीच नाहीत.

निवडीचेही मॉरिस साहेबांनी घालून दिलेले नियम होते. दोन पळणारे तुकडे लागोपाठ घ्यायचे नाहीत. रडवणारा तुकडा असावा, पण शेवटी नसावा. शेवटचा असा असावा की लोकांना तो ऐकत ऐकत चपला शोधता आल्या पाहिजेत. बाबा महिनाभर याच्यातच होते. सकाळी 'पंख्याखालचं' आत, संध्याकाळी बाहेर. जेवता जेवता मध्येच घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "नाही. 'शंटिंगवालं' आधी. त्यात नरहरीचं काम आहे, त्याले वाट पाहाले लावाची नाही."

ऐकताना ते रेकॉर्ड प्लेअरच्या लाकडी पेटीवर तळहात टेकवून बसत. कधी कधी कपाळही टेकवत. आईनं एकदा चहा आणला तर तिला हातानंच थांबवलं. आई मला म्हणाली, "पाहा, देवाले बी मानत नाही हा माणूस, आन पेटीले डोकं टेकवते." आम्हाला ते प्रेम वाटलं. प्रेम होतंच ते, त्यात काही खोटं नाही.

सॅक्सोफोन मात्र खुंटीवरच राहिला. तो त्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच सोडला होता. दात गेले म्हणून सोडला, असं सांगायचे. पुढचे दात खरंच गेले होते, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही.

शेवटी बारा तुकडे ठरले. बाबा रेकॉर्ड उशीच्या खोळीत घालून, रिक्षात मांडीवर घेऊन गौतमकडे गेले. तीन-चार दिवस जात राहिले. मी ऑफिसात असायचे, त्यामुळे तिथं काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. एका शनिवारी संध्याकाळी ते सीडी घेऊन आले आणि पूजेचा प्रसाद दाखवावा तशी आम्हाला दाखवली. आमच्याकडे सीडी वाजवायचं यंत्र नव्हतं. क्षमाकडे होतं. म्हणून घरात ती कोणीच ऐकली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी आणि बाबा समता कॉलनीत गेलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि केसांना पाणी लावलं होतं. दारात उभं राहून त्यांनी बेल दाबली. थोडं थांबून परत दाबली. मग बोट दाबूनच धरलं.

"बेल खराब आहे यांची," ते म्हणाले.

क्षमाकडची बेल चिमणीच्या आवाजाची होती. आत नुसता चिवचिवाट चालला होता. "वाजून राहिली, बाबा," मी म्हटलं.

"कुठं वाजून राहिली? काही बी."

क्षमानं धावत येऊन दार उघडलं. "तुळशीकाका, बस करा, बस. आली ना मी." बाबा तिच्याकडे बघून हसले आणि बेल दुरुस्त करून घे म्हणाले. मला वाटलं, वय झालं. याच्यापुढे माझं डोकं गेलं नाही.

नरहरीकाका आतल्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसले होते. कधी काळी इन्स्टिट्यूटच्या हॉलचं छप्पर उचलणारा माणूस. आता गालाची हाडं वर आलेली, तोंड एका बाजूला ओघळलेलं. पण डोळे तेच. बाबांना पाहिल्याबरोबर डावा हात खाटेवरून वर आला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही.

"नरहरी, बारा आणले. मॉरिस साहेबाच्या कायद्यानं. एक बी उगाच नाही घेतलं."

काकांच्या घशातून काहीतरी आवाज आला. क्षमानं सांगितलं, हा त्यांच्या खुशीचा आवाज आहे.

बाबांनी खुर्ची खाटेला लावून घेतली. क्षमानं सीडी यंत्रात घातली आणि बटण दाबलं.

मला काय ऐकू आलं ते कसं सांगू. स्वयंपाकघरात कोणी स्टीलची ताटं फरशीवर आपटत सुटावं, तसा तो आवाज होता. झांजा कानात सुयांसारख्या घुसत होत्या. ट्रम्पेट किंचाळत होता. सॅक्सोफोन, ज्याचा आवाज आमच्या घरात दुपारी उशीसारखा वाटायचा, तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येत होता. हे 'शंटिंगवालं' होतं. लहानपणापासून ऐकलेलं, आणि मला ते ओळखायला वेळ लागला.

मी बाबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून मोकळ्या हातानं गुडघ्यावर ताल धरत होते. चेहरा असा की लग्नाच्या फोटोतही तसा नाही.

क्षमा दारात उभी होती. ती कसंनुसं हसली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अच्छा है ना, दीदी? जॅझ असंच असते ना?" बिचारीनं कधी ऐकलंच नव्हतं. आख्ख्या समता कॉलनीत, कदाचित आख्ख्या राजधानीत, हे संगीत वाजवलेली दोनच माणसं त्या खोलीत होती. एक बोलू शकत नव्हतं, आणि दुसरं गुडघ्यावर ताल धरत होतं.

नरहरीकाकांचा चेहरा आवळला गेला. ते मान उशीत घुसवू लागले. डावा हात बाबांच्या हातातून सोडवून घेतला आणि हवेत हलवायला लागले. घशातून आवाज येत होता, पण तो मघाचा नव्हता.

"पाहा, पाहा," बाबा मला म्हणाले. "ताल देऊन राहिला. भावना, आवाज वाढव जरा. त्याले जोर्‍यानं पाहिजे."

मी हलले नाही, तर ते स्वतः उठले आणि आवाज वाढवला. काकांनी डोळे घट्ट मिटले. डाव्या हातानं डावा कान झाकला. उजवा कान झाकायला त्यांच्याकडे हात नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बेल, ते पेटीवर टेकवलेलं कपाळ, खुंटीवरचा सॅक्सोफोन. बाबांना ऐकू येत नव्हतं. म्हणजे बहिरे नव्हते ते. ढोल ऐकू येत होता, दार आपटलेलं ऐकू येत होतं, आम्ही ओरडून बोललेलं ऐकू येत होतं. वरचा, बारीक आवाज तेवढा त्यांच्यासाठी संपला होता. आणि आम्हाला ते कसं कळणार? आमच्या कारखानावाल्यांच्या कॉलनीत सगळेच ओरडून बोलतात. कारखान्यातून आलेला माणूस मीठ मागतो तेसुद्धा असं, की शेजारीण मीठ घेऊन यावी. तिथं कोणाचा कान गेला आणि कोणाचा राहिला, हे कळायला मार्गच नसतो.

त्यांचं काम होतं चाकं आणि रिव्हेट हातोडीनं ठोकून पाहायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा. बँडमध्ये वाजवतो, कान तयार आहे, म्हणून त्यांना मुद्दाम या कामावर घेतलं होतं. बाकीचे कानात कापसाचे बोळे घालत. बाबा घालत नसत. "चाक काय बोलते ते ऐकाचं असन तर कापूस कसा घालू?" असं म्हणायचे. पस्तीस वर्षं त्या घणाघणात ते उघड्या कानांनी उभे राहिले. ज्या कानासाठी काम मिळालं, तो कान त्या कामानंच खाल्ला.

मी उठून यंत्रापाशी गेले. त्याला ट्रेबलची, म्हणजे बारीक आवाज कमी-जास्त करायची, चकती होती. ती मी पार खाली फिरवली आणि आवाजही कमी केला. किंचाळणं विझलं. आणि त्याच्या खालून, थोडा घोगरा, पण तो सॅक्सोफोन आला. आमच्या घरचा.

नरहरीकाकांचा हात कानावरून खाली आला. कपाळ सुटलं. डाव्या डोळ्यातून पाणी घरंगळलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"बंद काहून केलं?" बाबा म्हणाले.

"बंद नाही केलं, बाबा. चालू आहे."

"कुठं चालू आहे? ढोल तेवढा धपधप करून राहिला. झांजा गेल्या. सॅक्सोफोन गेला." ते उठले, चकती परत वर फिरवली. काका कळवळले. बाबांनी ते पाहिलं. चकती खाली फिरवली. काकांचा चेहरा निवळला. परत वर, थोडीशीच. काकांचे डोळे मिटले. परत खाली.

असं त्यांनी तीन-चार वेळा केलं. चाक ठोकून बघावं तसं. घाई न करता, समोरच्या चेहऱ्यावर नजर ठेवून. मला त्यांचा हात धरावासा वाटत होता, पण धरला नाही. माझ्यात ती हिंमत नव्हती, खरं सांगते.

"भावना," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "तुले कोणतं बरोबर वाटते?"

"खालचं, बाबा."

"वरचं कसं लागते?"

मी काकांकडे पाहिलं.

"सांग ना."

"कानात टोचते, बाबा. फार टोचते."

त्यांनी मान हलवली. एखाद्यानं पत्ता सांगितला आणि तो समजला, अशी. मग चकती पार खाली फिरवली, इतकी की ती आणखी फिरेना, आणि येऊन खुर्चीवर बसले. "बारीक आवाज आता नका वाढवू, गौतमनं म्हटलं होतं मले," ते पुटपुटले. "मी त्याले म्हटलं, तुले काय समजते याच्यातलं."

त्या खोलीत दोघांना एकत्र ऐकता येईल असा आवाज नव्हता. काकांना सोसेल ते बाबांना ऐकू येत नव्हतं, आणि बाबांना ऐकू येईल ते काकांना सोसत नव्हतं. महिनाभर खपून जे एक मागितलं होतं, नेमकं तेवढंच मिळणार नव्हतं. मला इतका राग आला. कोणाचा ते माहीत नाही. कोणाचा तरी असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "चला, बाबा, घरी जाऊ." पण ते हलले नाहीत. ते नरहरीकाकांच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो हात पांघरुणावर होता आणि त्याची तीन बोटं हलत होती. ट्रम्पेट उजव्या हातानं वाजवतात, पण तो हात गेलेला. म्हणून काका डाव्या हातानं, उलट्या बाजूनं, न दिसणाऱ्या कळा दाबत होते. एक, मग दोन मिळून, मग तिसरी.

"'पंख्याखालचं' लागलं," बाबा म्हणाले. "दुसरी ओळ. आता त्याचं काम येते, पाहा."

मी ऐकलं. खरंच ट्रम्पेट आला.

उरलेले सगळे तुकडे बाबांनी त्या बोटांवरून ऐकले. ढोल तेवढा त्यांना खालून मिळत होता, बाकी सगळं ती बोटं सांगत होती. कुठं बोटं थांबली की ते म्हणत, "हं, आता मी," आणि त्यांचीही बोटं मांडीवर चालायला लागत. 'मेमसाहेब रुसली'च्या वेळी काका एके ठिकाणी चुकले बहुतेक, कारण बाबांनी त्यांच्या मनगटावर चापट मारली आणि काकांच्या घशातून तो खुशीचा आवाज आला. क्षमा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. बाबा अंगणात पाय धूत होते. आई म्हणाली, "चाळीस वर्षं मी या माणसाशी ओरडून बोलली. मले वाटे, माहा सभावच चिडका आहे." आणि ती रडायला लागली. आईला रडताना मी दोनदा-तीनदाच पाहिलंय, त्यातलं हे एक.

कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. डॉक्टरनं आलेख दाखवला. रेघ सरळ चालत येते आणि मग खड्ड्यात पडते. आधी बारीक आवाज जातात, बायकामुलांचे, पाखरांचे, तो म्हणाला. यंत्रही दिलं. बाबांनी ते दोन आठवडे लावलं. त्यात सगळंच एकदम येतं म्हणाले, ताटं, पंखा, रिक्षा, परत कारखान्यात गेल्यासारखं वाटतं. यंत्र डबीत गेलं. मी भांडले, आईनं बोलणं टाकलं, उपयोग झाला नाही. ज्या माणसानं नवरदेवाला घोड्यावर ठेवून वरणभात खाल्ला, त्याच्यापुढे आमचं काय चालणार?

सीडी मात्र त्यांनी परत करून घेतली. रेकॉर्ड गौतमच्या हातात देऊन म्हणाले, "तू तुह्या कानानं कर. मले विचारू नको." आणि दुकानाबाहेर स्टुलावर जाऊन बसले. गौतमनं मला हळूच सांगितलं, "दीदी, पहली बार भी मेरे को लगा था. पर काकाजी इतने बड़े कलाकार हैं. मैं सोचा, ये ऐसेच होता होगा." क्षमानंही तेच म्हटलं होतं.

दुसरी सीडी सुरेख झाली. ती क्षमाकडेच ठेवली आणि दर रविवारी दुपारी बाबा समता कॉलनीत जायचे. बेल दाबायचे नाहीत, कडी वाजवायचे. मी पुष्कळदा सोबत असे. क्षमा सीडी लावून द्यायची आणि दोघं म्हातारे सुरू व्हायचे. पावसाळाभर हे चाललं. हळूहळू काकांची बोटं मंदावली. तीनच्या जागी दोनच उठायची, मग एक. बाबा पुढे वाकून बघायचे, डोळे बारीक करून. तरी त्यांना कळायचं कुठला तुकडा, कुठली ओळ. नवरात्रात एका दिवशी बोटं हललीच नाहीत. बाबा बारा तुकडे संपेपर्यंत बसून राहिले. उठताना त्यांनी काकांचा हात पांघरुणात घातला.

काका दिवाळीच्या आधी गेले. तेराव्याला क्षमानं सीडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काकांकडे राहू दे, दीदी. आमच्याकडे कोण ऐकन?"

मी त्या महिन्याच्या पगारात सीडी प्लेअर आणला. आई म्हणाली, "काहून आणला?" मला वाटलं होतं, निदान घरात वाजेल, ढोल तरी त्यांना मिळेल. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी सीडी लावली. ट्रेबल जिथं हवा तिथं होता. बाबा खुर्ची ओढून समोर बसले. आईसुद्धा येऊन दाराशी टेकली.

'शंटिंगवालं' सुरू झालं. इतकं स्वच्छ वाजत होतं ते. बाबा काही वेळ यंत्राकडे बघत राहिले. मग भिंतीकडे, मग स्वतःच्या हातांकडे. पायानं ढोल धरायचा प्रयत्न केला, आणि सोडला.

"बंद कर, भावना."

"काहून, बाबा?"

"कुठवर आलं ते आता मले कोण सांगन?"

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांच्या गुडघ्यावर माझा हात ठेवला आणि ट्रम्पेट आला तशी तीन बोटं हलवून पाहिली. मला जमेल तशी. बाबांनी मान खाली घालून माझ्या बोटांकडे पाहिलं; बराच वेळ, मन लावून पाहिलं.

"तुले येत नाही," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी ते स्वतः बंद केलं.